जुन्या पाँटून बोटीची उचल वाढवायची आहे? तिसरी ट्यूब, जाड ट्यूब, मागचे पॉड आणि फोम यांची तुलना

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या तळ्यांच्या मुलखात राहायला आलं की दोन-चार वर्षांत सेकंड-हँड पाँटून बोट घ्यायचा विचार मनात येतोच. ॲल्युमिनियमच्या दोन ट्यूब, वर प्लायवूडचा डेक, कडेने सोफे, मागे इंजिन. घरच्या चौघांना घेऊन निघालं की बोट झकास चालते. मग उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात, मित्राचं कुटुंब बरोबर असतं, बर्फाने भरलेला कूलर आणि जेवणाचे डबे चढतात, आणि ट्यूब इतक्या बुडतात की समोरून स्पीडबोट गेली तरी तिची लाट डेकवर येते. मोठी बोट घेण्याइतका खर्च करायचा नसेल तर आहे तिचीच उचल वाढवायची, असं बरेच जण ठरवतात. हा आढावा त्यांच्यासाठी आहे.

माझं मत आधीच सांगतो. उपाय शोधण्याआधी बोट नेमकी कशात कमी पडते ते ठरवा. एकूण वजनच पेलत नाही? मागचं टोक बसतं? माणसं एका बाजूला गेली की कलते? की ट्यूबला भोक पडलं तर काय, ही धास्ती आहे? ही चार वेगळी दुखणी आहेत. दुकानात मात्र चारही दुखण्यांवर ‘जास्त बॉयन्सी’ (म्हणजे जास्त उचल) या एकाच नावाखाली माल विकला जातो, आणि तिथेच पैसे वाया जातात.

एक बोट धरून हिशेब

तुलना करायची तर बोट एकच हवी. २० फुटी, २३ इंची (५८ सेंटिमीटर) दोन ट्यूब असलेली जुनी बोट घेऊ. तळ्यांवर अशा भरपूर दिसतात. निमुळतं टोक वजा करून ट्यूबची कामाची लांबी ५.८ मीटर धरली, तर एका ट्यूबमध्ये साधारण १,५५० लिटर जागा होते. गोड्या पाण्यात एक लिटर जागा एक किलो उचलते. म्हणजे दोन्ही ट्यूब पूर्ण बुडाल्या तर ३,१०० किलो, निम्म्या बुडाल्या तर १,५५० किलो.

बोटीचं स्वतःचं वजन, ६० एचपीचं इंजिन, पेट्रोल, बॅटरी, नांगर मिळून १,०५० किलो धरू. निम्म्या पातळीपर्यंत ५०० किलो उरले, म्हणजे सहा-सात माणसं. दहा मोठी माणसं आणि सामान मिळून ८०० किलो चढवलं की बोट १,८५० किलोची होते आणि ट्यूब साठ टक्क्यांच्या आसपास बुडतात. पाण्यावर फक्त २५ सेंटिमीटर ट्यूब राहते.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ही बोट निम्मी बुडालेली असताना दर ६८ किलोला एक सेंटिमीटर खाली जाते. एक माणूस, एक सेंटिमीटर. मात्र निम्म्याच्या वर पाणी गेलं की गोल ट्यूब वर निमुळती होत जाते आणि त्याच एका माणसाला बोट जास्त बुडते. म्हणून ट्यूब निम्म्याच्या आसपास ठेवणं हेच सगळ्या सुधारणांचं लक्ष्य असावं.

पैसे खर्च करण्याआधी

बोट पूर्वीपेक्षा खाली बसत असेल, तर तिची उचल अपुरी आहे असं लगेच समजू नका. वजन वाढलंय का ते पाहा. ट्यूबच्या सांध्यातून किंवा मागच्या प्लगमधून पाणी शिरलेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. तळाशी १० सेंटिमीटर पाणी साचलं तर एका ट्यूबमध्ये पावणेदोनशे लिटर, म्हणजे पावणेदोनशे किलो! बोट ट्रेलरवर असताना ट्यूबवर बोटाच्या पेराने टकटक करत खालून वर जा. रिकाम्या भागाचा आवाज घुमतो, पाणी असलेल्या भागाचा बसका येतो. प्लग काढून पाणी वाहू द्या, मग साबणाचं पाणी लावून अगदी कमी दाबाने, दोन-तीन पीएसआयच्या वर न जाता, हवा भरून गळती शोधा. कॉम्प्रेसर थेट लावून दाब चढवला तर पातळ पत्रा फुगतो, सांधा उकलतो. थंड प्रदेशात हे काम पानगळीच्या आत उरकलेलं बरं. आत राहिलेलं पाणी हिवाळ्यात गोठून फुगतं आणि शिवण फाडतं.

दुसरा संशयित डेक. २० फुटी बोटीचं पाऊण इंची प्लायवूड कोरडं असताना दीडशे-पावणेदोनशे किलो भरतं. कुजून पाणी प्यायलेलं असेल तर त्यावर बरीच भर. डेक बदलणार असाल तर तांब्याच्या रसायनात मुरवलेलं प्लायवूड ॲल्युमिनियमच्या आडव्या चॅनेलवर, म्हणजे डेक पेलणाऱ्या तुळयांवर, थेट ठेवू नका. ते ॲल्युमिनियम खातं.

एवढं करूनही ट्यूब साठ टक्के बुडत असतील, तर पुढचं वाचा.

तिसरी ट्यूब

सगळ्यात जास्त बोलबाला हिचाच. दोन ट्यूबच्या मध्ये तिसरी बसवायची, आडव्या चॅनेलना ब्रॅकेटने बोल्ट करायची. जुन्या बोटीत मागे मधोमध इंजिनाचा पॉड, म्हणजे इंजिन टांगायची बैठक, असते, त्यामुळे मधली ट्यूब बहुधा त्याच्या पुढेच थांबवावी लागते. साधारण ४.६ मीटर लांबीची, त्याच २३ इंची मापाची ट्यूब बसवली तर तिची जागा १,२३० लिटर. तिचं स्वतःचं वजन ब्रॅकेटसह ७५ किलोच्या घरात. वर घेतलेली भरलेली बोट साठ टक्क्यांवरून चव्वेचाळीस टक्क्यांवर येते. पाण्यावर ट्यूब २५ ऐवजी ३२ सेंटिमीटर दिसते. पूर्ण बुडायला अजून किती वजन लागेल, ती शिल्लक १,२५० किलोवरून २,४०० किलोवर जाते. जवळजवळ दुप्पट. एकूण भार पेलत नसेल तर हा दमदार उपाय आहे, यात शंका नाही.

पण बोट कलते म्हणून तिसरी ट्यूब बसवत असाल तर थांबा. कलण्याला विरोध करते ती मध्यापासून लांब असलेली ट्यूब. अंतर दुप्पट झालं तर विरोध चौपट होतो. मधली ट्यूब मध्यावरच असते, म्हणून तिचा थेट वाटा एक टक्क्याच्या आसपास. तिचा फायदा वेगळ्या वाटेने मिळतो. ती बोट वर उचलते, बाहेरच्या ट्यूब कमी बुडतात, आणि कललेली बाजू पूर्ण बुडायला आणखी जागा मिळते. दहाही माणसं एका कठड्याशी गेली तर त्या बाजूची ट्यूब दहा-पंधरा सेंटिमीटर आणखी खाली जाते. २५ पैकी तेवढे गेले तर काय उरलं ते पाहा, ३२ पैकी गेले तर काय उरतं तेही पाहा. फरक आहे, पण ‘तीन ट्यूब म्हणजे बोट कलणारच नाही’ हा समज खोटा आहे.

किचकट भाग नंतर सुरू होतो. बोट सात सेंटिमीटर वर आली की इंजिनाचा पाण्यातला पंखाही (प्रॉपेलर) वर येतो. वळताना तो हवा खेचतो, इंजिन नुसतं गरजतं आणि बोट ढकलली जात नाही. इंजिन बोल्टची एक-दोन भोकं खाली घ्यावं लागतं. भोकांमधलं अंतर बहुधा पाऊण इंच असतं. दुसरी अडचण ट्रेलरची. कात्रीसारखा वर उचलणारा ट्रेलर दोन ट्यूबच्या मधून डेक उचलतो. तिथे आता ट्यूब आली, म्हणजे तो ट्रेलर बाद. धक्क्यावरच्या लिफ्टचंही तसंच. किट विकणारा हे स्वतःहून सांगेल अशी आशा धरू नका.

बाहेरच्या ट्यूब जाड करणं

याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि माझ्या मते हाच सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. तेवढ्याच लांबीच्या गोल ट्यूबची जागा व्यासाच्या वर्गाने वाढते. २३ इंचाऐवजी २५ इंच म्हणजे व्यास नऊ टक्के वाढला, जागा अठरा टक्के. २७ इंच घेतला तर सदतीस-अडतीस टक्के.

त्याच भरलेल्या बोटीखाली २५ इंची ट्यूब घातल्या तर ती ५१ टक्के बुडते आणि पाण्यावर ३१ सेंटिमीटर ट्यूब राहते. तिसऱ्या ट्यूबने ३२ दिली होती! डेकची पाण्यापासूनची उंची जवळपास तेवढीच. शिल्लक मात्र १,८०० किलो, म्हणजे तिसऱ्या ट्यूबपेक्षा कमी. २७ इंचीने पाण्यावर ३७ सेंटिमीटर राहते आणि शिल्लक २,४०० किलोच्या जवळ, तिसऱ्या ट्यूबच्या बरोबरीने. शिवाय ही वाढ मध्यापासून लांब, बाहेरच्या कडेला झालेली असते. कलण्याला विरोध खरोखर वाढतो. दोन्ही मापांत डेक पाच-दहा सेंटिमीटर उंच जातो आणि बोटीचा भार थोडा वर सरकतो, तो तोटा या फायद्यापुढे लहान आहे.

मग सगळे हेच का करत नाहीत? कारण कामाचा डोंगर. बोट उचलून टेकूंवर ठेवायची, जुन्या ट्यूब सोडवायच्या, नव्यांच्या ब्रॅकेटचं माप चॅनेलशी जुळवायचं, इंजिनाच्या पॉडची उंची बदलायची. ट्रेलरच्या लाकडी पट्ट्याही हलवायच्या. नवीन ट्यूब घेऊन बसलात तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण सोफे-डेक सडलेली आणि ट्यूब धडधाकट असलेली दुसरी बोट स्वस्तात मिळाली, तर गणित पालटतं. डेक कुजायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट ॲल्युमिनियम टिकतं, त्यामुळे अशा बोटी मिळतात. डेक तसाही बदलायला झालाय आणि हाताशी चांगला ॲल्युमिनियम वेल्डर आहे, तर मी तिसऱ्या ट्यूबऐवजी याच वाटेने जाईन.

आहे त्या ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला छोट्या जोड-ट्यूब लावणारेही आहेत. कलण्यावर त्या उत्तम, कारण त्या सगळ्यात लांब असतात. पण अमेरिकेच्या बहुतेक रस्त्यांवर परवान्याशिवाय साडेआठ फुटांपेक्षा रुंद बोट ओढता येत नाही, आणि बऱ्याच बोटी मुळातच साडेआठ फुटी असतात. बोट कायम एकाच तळ्यात राहणार असेल तरच याचा विचार करा.

मागचं टोक बसत असेल तर

जुनं हलकं टू-स्ट्रोक काढून कोणी मोठं फोर-स्ट्रोक लावलेलं असतं. ११५ एचपीचं फोर-स्ट्रोक दीडशे किलोच्या वर भरतं. आपल्या बोटीत मागच्या टोकाला ६० किलो वाढले तर ते टोक साडेतीन सेंटिमीटर खाली जातं आणि पुढचं दीड-दोन सेंटिमीटर वर येतं. त्यात शिडी, बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि मागच्या सोफ्यावरची मंडळी. बोट उभी असताना मागे पाणी चढतं आणि लोक म्हणतात, तिसरी ट्यूब हवी. ती तर इंजिनाच्या आधीच संपते! जिथे गरज आहे तिथे तिची उचल पोचतच नाही.

यावर इलाज म्हणजे ट्यूबच्या मागच्या टोकांना जोडलेले बंद पॉड, म्हणजे ट्यूबचे हवाबंद जोड-तुकडे. दोन फूट लांबीचे, त्याच व्यासाचे दोन पॉड मिळून ३२० लिटर. एकूण आकडा किरकोळ वाटतो, पण ही उचल नेमकी शेपटाला मिळते. वर पोहणाऱ्यांसाठी फळीही होते. मात्र पॉडच्या मागे पंख्याला मोकळं पाणी मिळतंय आणि इंजिन पूर्ण वर झुकतंय याची खातरी मोजून करा. आणि त्याआधी फुकटचा उपाय करून पाहा: बॅटऱ्या आणि टाकी पुढे सरकवा.

फोम: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

‘ट्यूबमध्ये फोम भरला, आता बोट जास्त वजन घेते,’ असं कोणी म्हणालं तर ते साफ चूक आहे. पाणी उचलतं ते ट्यूबने बाहेर सारलेल्या पाण्याच्या हिशेबाने. आत हवा आहे की फोम, पाण्याला त्याचं देणंघेणं नाही. उलट पॉलियुरेथेन फोम घनमीटरला साधारण ३२ किलो भरतो. आपल्या दोन ट्यूब भरल्या तर १०० किलो वाढले, म्हणजे बोट दीड सेंटिमीटर खालीच गेली.

फोमचं काम वेगळं आहे. खडकावर आपटून ट्यूब फाटली तर पाणी आत शिरायला जागा राहत नाही. जुन्या बोटींच्या काही ट्यूब आतून सलग असतात, मध्ये पडदे नसतात. तिथे एक भोक पडलं की त्या बाजूची सगळी उचल गेली. अशा बोटीला फोमचं मोल आहे. ज्या ट्यूबमध्ये तीन-चार बंद कप्पे आहेत, तिथे मी फोम भरणार नाही. पाणी कुठूनतरी शिरतंच, फोम आणि पत्र्याच्या मध्ये अडकतं, आणि पत्रा आतून खात राहतो. वर पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर पॉलियुरेथेन जळून विषारी धूर निघतो, त्यामुळे कोणताही जाणता वेल्डर ती ट्यूब हातात घेत नाही. थर्माकोल भरण्याचा विचारही नको. पेट्रोल लागलं की तो विरघळतो.

ट्यूबच्या अंगाला वेल्ड केलेल्या लिफ्टिंग स्ट्रेक नावाच्या पट्ट्याही याच गोंधळात विकल्या जातात. त्या वेगात बोट वर उचलतात. उभ्या बोटीला त्यांचा काही उपयोग नाही.

प्लास्टिकचे पिंप

२०० लिटरचा निळा पिंप आडवा बांधला, पूर्ण बुडाला तर १९० किलो उचलतो आणि जवळजवळ फुकट मिळतो. मोह साहजिक आहे. पाँटून बोटीची सुरुवातही पिंपांवरच झाली: १९५२ मध्ये मिनेसोटातल्या रिचमंडजवळच्या ॲम्ब्रोस वीरेस या शेतकऱ्याने लोखंडी पिंप ओळीने जोडून त्यावर लाकडी डेक ठोकला होता. पण त्या पिंपांवर डेक घट्ट बसवलेला होता. आपण डेकखाली पट्ट्यांनी बांधतो ते पिंप लाटेत हलतात, पट्टा ढिला होतो, सपाट तोंड पाण्याला अडतं, इंजिनावर ताण येतो. शिवाय पिंप पाण्याच्या रेषेच्या वर राहिला तर बोट तिथवर बुडेपर्यंत तो काहीच करत नाही. एका जागी उभा राहणारा धक्का किंवा मासेमारीचा तराफा असेल तर पिंप बेलाशक वापरा. इंजिन लावून माणसं नेणाऱ्या बोटीखाली नको.

महाराष्ट्रातल्या धरणांच्या बॅकवॉटरवर पर्यटकांसाठी डेक-बोट बांधणाऱ्यांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. वेल्डर सहज मिळतो म्हणून ट्यूब लोखंडी पत्र्याच्या केल्या, तर २३ इंची ट्यूब ३ मिलिमीटर पत्र्यात मीटरला ४३ किलो भरते. सव्वादोन मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये ११ किलो. आपल्या मापाच्या दोन ट्यूबमध्ये पावणेचारशे किलोचा फरक पडला, म्हणजे पाच माणसं गेली. जास्त उचल हवी असेल तर तिथे पहिला प्रश्न धातूचा आहे. आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानंतर इंजिनाच्या प्रवासी बोटीच्या रचनेत असा बदल मनाने करता येत नाही. मंजुरी आणि सर्वेक्षण लागतं.

माणसांचं वजन आणि पाटीवरचा आकडा

६ मार्च २००४ रोजी बाल्टिमोरच्या बंदरात ‘लेडी डी’ ही ३६ फुटी पाँटून वॉटर-टॅक्सी वाऱ्याच्या झोतात उलटली. २५ जण होते, पाच जण गेले. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. प्रवासी क्षमता ठरवताना माणशी १४० पौंड, म्हणजे ६४ किलो धरले होते. प्रत्यक्षात माणसं त्याहून बरीच जड होती. आणि स्थिरतेची चाचणी त्या बोटीची झालेलीच नव्हती, वेगळ्या बनावटीच्या बोटीचा निकाल तिला लावला होता. पुढे अमेरिकी तटरक्षक दलाने सरासरी १८५ पौंड धरायला सुरुवात केली.

म्हणून घरी हिशेब करताना माणशी ८५ किलो धरा, कपडे-पिशवीसकट. आणि तिसरी ट्यूब बसवली म्हणून कठड्यावरच्या पाटीवरचा माणसांचा किंवा एचपीचा आकडा आपोआप वाढत नाही. ती पाटी कारखान्यातून निघालेल्या बोटीची आहे. बदल केल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवता आकडा ओलांडला तर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

मी काय निवडेन

सहा-सात माणसांत बोट नीट चालते आणि वर्षातून दोनदाच गर्दी होते, तर काहीच बदलू नका, दोन फेऱ्या करा. मागचं टोकच बसतं, तर वजन सरकवा आणि मग पॉड. नेहमीच दहा माणसं असतात आणि डेक चांगला आहे, तर तिसरी ट्यूब, ट्रेलरचा खर्च धरून. डेक सडलाय, वयस्कर मंडळी चढतात-उतरतात आणि बोट कलते याची भीती आहे, तर २५ किंवा २७ इंची ट्यूब. फोम फक्त सलग ट्यूब असलेल्या बोटीत.

काम झाल्यावर माणसं चढवण्याआधी एक चाचणी करा. धक्क्याशी, कमरेएवढ्या पाण्यात बोट बांधा. जेवढी माणसं न्यायची तेवढ्या वजनाचे वीस लिटरचे कॅन पाण्याने भरून डेकवर समान ठेवा आणि ट्यूबवर पाण्याची रेघ मार्करने ओढा. मग सगळे कॅन एका कठड्याशी न्या, पुन्हा रेघ ओढा. मग सगळे मागच्या टोकाला, मग पुढच्या. त्या चार रेघांपैकी सगळ्यात वरची रेघ ट्यूबच्या माथ्यापासून पंधरा सेंटिमीटरच्या आत आली, तर तेवढी माणसं मी त्या बोटीत घेणार नाही.